साध्या नावांचा देश

१९४६ सालच्या जूनमध्ये ब्राझीलच्या बाहिया प्रांतात, सांतो आमारो नावाच्या गावी, व्हेलोझो कुटुंबात मुलगी झाली. तिच्या नावासाठी हट्ट धरून बसला तो तिचा जेमतेम चार वर्षांचा होत आलेला भाऊ, कायतानो. रेसिफेच्या कापिबाने रचलेलं आणि नेल्सन गोन्साल्व्हिसने गायलेलं ‘मारिया बेतानिया’ हे गाणं त्या दिवसांत घरोघर ऐकलं जात होतं. कायतानोच्या मनात ते इतकं बसलं होतं की बहिणीला दुसरं कुठलंही नाव त्याला चालेना. घरच्यांनी त्याचं ऐकलं. ही मारिया बेतानिया १९६५ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, रिओमध्ये नारा लेआंव या गायिकेच्या जागी रंगमंचावर उभी राहिली. कोरड्या मुलखातल्या एका शिकारी पक्ष्यावरचं गाणं तिने आपल्या जाड, भरदार आवाजात म्हटलं आणि देशभर तिचं नाव झालं. तिचा तो हट्टी भाऊ म्हणजे कायतानो व्हेलोझो. गेल्या साठ वर्षांत ब्राझीलच्या संगीताला ज्यांनी वळण लावलं त्यांत त्याचं नाव फार वर घ्यावं लागतं. त्याचं स्वतःचं नाव ठेवण्यासाठी मात्र कुणाला विचार करावा लागला नव्हता. तो ७ ऑगस्टला जन्मला. तो दिवस संत कायतानोचा, म्हणून तो कायतानो.

ब्राझीलचं संगीत ऐकताना माझं अर्धं लक्ष नेहमी अशा नावांकडे असतं. त्याचं कारण माझं गाव. मी वसईचा. १५३४ पासून, १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत, इथे पोर्तुगीजांचा अंमल होता. अंमल गेला, नावं राहिली. आमच्या शाळेच्या हजेरीपटावर पाटील, म्हात्रे, नाईक यांच्याबरोबर परेरा, डिसिल्वा, डिसोझा, कार्व्हालो असायचे. परेरा म्हणजे नासपतीचं झाड, कार्व्हालो म्हणजे ओक, सिल्वा म्हणजे अरण्य. यांतलं एकही झाड वसईच्या वाड्यांत नव्हतं. तिथे केळी आणि पानवेली. ही नावं धारण करणारी माणसं आमच्याच बोलीत बोलत, त्याच वाड्या शिंपत, आणि आपल्या आडनावाचा अर्थ काय, हे विचारण्याचं त्यांना किंवा आम्हाला कधी कारण पडलं नाही. पुढे ब्राझीलच्या रेकॉर्डच्या पाठीमागे छापलेली वादकांची नावं वाचू लागलो, तेव्हा हाच हजेरीपट पुन्हा समोर आला. एवढा मोठा समुद्र मध्ये असून आडनावं तीच. १५०० साली काब्रालचं आरमार ब्राझीलच्या किनाऱ्याला लागलं तेव्हा ते निघालं होतं आपल्याकडे, कालिकतला. जुन्या गोव्यात संत कायतानोचं भव्य चर्च आजही आहे. २४ जूनला संत जुआंवच्या सणाला गोव्यातली पोरं डोक्यावर फुलापानांचं कोपेल घालून विहिरीत उड्या मारतात. त्याच सणाला ब्राझीलच्या ईशान्य भागात गावोगाव होळ्या पेटतात आणि अकॉर्डियनवर नाच चालतो.

त्या नाचाची गाणी ज्याने देशभर नेली त्या लुईझ गोंझागाचं नाव अख्खं पंचांगातून आलेलं आहे. तो १३ डिसेंबर १९१२ रोजी पेर्नांबुकोतल्या एशू गावच्या एका शेतवाडीवर जन्मला. १३ डिसेंबर संत लुझियाचा, म्हणून लुईझ. लुईझ म्हटल्यावर पाद्रीबाबांना संत लुईझ गोंझागा आठवला, म्हणून गोंझागा. आणि डिसेंबर हा येशूच्या जन्माचा महिना, म्हणून नासिमेंटो, म्हणजे जन्म. वडिलांचं नाव जानुआरियो जोझे दोस सांतोस, आई आना बातिस्ता द जेझूस. त्यांच्या आडनावांतलं एकही मुलाच्या नावात उतरलं नाही. बापाने दिली ती कला. जानुआरियो आठ खर्जपट्ट्यांचा छोटा अकॉर्डियन वाजवायचा, इतरांचे दुरुस्तही करून द्यायचा. मुलगा रिओला गेला, एकशेवीस पट्ट्यांचा मोठा अकॉर्डियन गळ्यात अडकवून नामांकित झाला, आणि मग त्याने एक गाणं केलं. त्यात तो गावी परततो आणि गावकरी त्याला सुनावतात की तुझं वाद्य कितीही मोठं असो, जानुआरियोचा मान राख. बापाचं आडनाव ज्याला लाभलं नाही त्याने बापाचं साधं नाव देशभरातल्या रेडिओवर वाजवलं. त्या गाण्यात मला ब्राझीलच्या संगीताचा स्वभावच दिसतो. कागदावर जे राहून गेलं ते हे लोक गाण्यात लिहून ठेवतात.

राहून गेलेलं पुष्कळ होतं. सांतोस म्हणजे संत, कोन्सेसांव म्हणजे मारियेचं निष्कलंक गर्भधारण, जेझूस म्हणजे येशूच. ही आडनावं ब्राझीलमध्ये पैशाला पासरी आहेत आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, काय भाविक देश आहे. भाविकपणा आहेच, पण त्याच्याखाली दुसरंही काही आहे. तीनशेहून अधिक वर्षांत सुमारे ४८ लाख आफ्रिकी माणसं गुलाम म्हणून ब्राझीलच्या बंदरांत उतरवली गेली. लुआंडासारख्या बंदरांत जहाजावर चढवण्याआधी त्यांचा घाऊक बाप्तिस्मा व्हायचा. आईबापांनी ठेवलेलं नाव तिथेच संपायचं. जुन्या नोंदवह्यांत ही माणसं मारिया आंगोला, जुआंव मिना, आंतोनियो बेंगेला अशी सापडतात. पुढचं नाव चर्चचं आणि मागचं, जिथून माल चढवला त्या किनाऱ्याचं. १३ मे १८८८ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली. मोकळ्या झालेल्या माणसांना आडनाव हवंच होतं. काहींकडे मालकाचं आलं, काहींकडे एखाद्या संताचं किंवा सणाचं. सगळ्याच सांतोस आणि नासिमेंटोंचा इतिहास असा आहे असं नाही, पण फार जणांचा आहे. जगाला पेले म्हणून ठाऊक असलेला माणूस कागदोपत्री एदसन आरांतेस दो नासिमेंटो होता, हे कळल्यावर मी त्या शेवटच्या शब्दापाशी थांबतो. कुणाच्या तरी जन्माचा सण ज्यांच्या नावात आहे, त्यांच्या कितीतरी पूर्वजांची जन्मतारीख कुठेच लिहिलेली नाही.

क्लेमेंतिना द जेझूस ही अशा घरातली. १९०१ साली रिओजवळच्या व्हालेन्सा इथे ती जन्मली. आजीआजोबांनी गुलामी भोगलेली. आई काम करता करता जुनी गाणी गुणगुणायची, ती ऐकून ऐकून पोरीची पाठ झाली. पुढे क्लेमेंतिनाने वीस वर्षांहून अधिक काळ दुसऱ्यांच्या घरी मोलकरीण म्हणून काढला. साठी उलटल्यावर हेर्मिनियो बेलो द कार्व्हाल्यो या कवीच्या कानावर तिचा आवाज पडला आणि त्याने तिला रंगमंचावर आणलं. १९६५ च्या ‘रोझा द ओरो’ या कार्यक्रमात रिओने तिला ऐकलं. त्या काळी रिओत बोसा नोव्हा या शैलीचा कुजबुजता, नाजूक आवाज लोकांच्या कानात बसलेला होता. तिचा आवाज खरखरीत, जमिनीतून वर आल्यासारखा. पहिली ओळ ऐकताच कळतं की हा आवाज कुणाकडे शिकायला गेलेला नाही आणि त्याला कुणाच्या परवानगीची गरजही नाही. १९८२ साली तिने दोका आणि जेराल्दो फिल्मे यांच्यासह एक ध्वनिमुद्रिका केली. मिनास प्रांतात हिऱ्यांच्या खाणीवर राबणारे गुलाम जी श्रमगीतं म्हणत ती त्यात आहेत. निम्मे शब्द आफ्रिकेतल्या भाषांचे. साथीला फक्त तालवाद्यं. ज्यांची नावं बंदरावर काढून घेतली त्यांनी शब्द मात्र तोंडात धरून ठेवले आणि ते शंभर वर्षांनी एका माजी मोलकरणीने गाऊन परत दिले. ती ध्वनिमुद्रिका ऐकली की अन्न शिजवणाऱ्या, धुणं धुणाऱ्या किती बायकांकडे देशाची स्मृती सुरक्षित राहिली असेल या विचाराने मन भरून येतं.

नाव परत मिळवण्याचा एक विधीही बाहियात आहे. आफ्रिकेतून आलेल्या देवतांची, ओरिशांची, उपासना करणाऱ्या पंथाला तिथे कांदोंब्ले म्हणतात. त्याची दीक्षा घेणाऱ्याला काही आठवडे एकांतात ठेवतात आणि शेवटी ‘नावाचा उत्सव’ होतो. दीक्षा घेतलेली व्यक्ती, अंगात देवता आलेली, भरल्या मंडपात येते. तिला नाव विचारलं जातं. पहिल्यांदा ती पुटपुटते, दुसऱ्यांदाही नीट ऐकू येत नाही. तिसऱ्यांदा ती उसळी घेऊन गरकन फिरते आणि नाव मोठ्याने पुकारते. त्या क्षणी तिन्ही ढोल, रुम, रुंपी आणि ले, एकदम गर्जू लागतात, लोक उभे राहतात. हे नाव आफ्रिकी भाषेतलं असतं. चर्चच्या वहीत मारिया दा कोन्सेसांव असलेली बाई इथे दुसऱ्या नावाने जन्म घेते. सांबाचा उगम शोधत मागे मागे गेलं की वाट अशाच मंडपांपाशी पोचते. रिओतलं सांबाचं पहिलं मोठं घर तिया सियाताचं. ती बाहियातून आलेली, याच पंथाची उपासक. तिया म्हणजे मावशी. तिच्या अंगणात जमणाऱ्या मंडळींमधल्या दोंगाने १९१६ साली ‘पेलो तेलेफोने’ हे सांबा म्हणून गाजलेलं गाणं नोंदवलं.

दोंगा हे टोपणनाव. खरं नाव एर्नेस्तो जोआकिम मारिया दोस सांतोस. पण त्याला एर्नेस्तो म्हणून कोण ओळखतं? ब्राझीलमध्ये टोपणनावाला नावाच्या वरचा मान आहे. पुढे तिथला राष्ट्राध्यक्ष झालेल्या नेत्याने १९८२ साली आपलं ‘लुला’ हे हाकेचं नाव कायदेशीरपणे कागदावर चढवून घेतलं. सर्वांत मोठ्या संगीतकाराचं नाव आंतोनियो कार्लोस ब्राझिलेरो द आल्मेदा जोबिम, त्यात ‘ब्राझीलवासी’ हा शब्दही आलेला. पण जग त्याला टॉम म्हणतं, कारण लहान बहिणीला आंतोनियो म्हणता यायचं नाही. देशाचंसुद्धा तसंच झालं. काब्रालने त्या भूमीला क्रुसाचं नाव दिलं होतं. व्यापारी मात्र तिथून लाल रंग देणारं ब्राझील लाकूड नेत, ते तिला लाकडाच्याच नावाने ओळखू लागले. पाळण्यातलं नाव विसरलं गेलं, बाजारात पडलेलं टिकलं.

या टोपणनावांत मला सगळ्यात प्रिय कार्तोला. जन्म १९०८ सालचा. अकरा वर्षांचा असताना घरच्यांबरोबर रिओतल्या मांगेराच्या टेकडीवरच्या झोपडवस्तीत आला. मांगेरा म्हणजे आंब्याचं झाड. आंबा पोर्तुगीज गलबतांतून आपल्या किनाऱ्याकडून तिकडे गेला आणि काजू तिथून गोव्यात आला. मुलगा गवंडीकामावर जाऊ लागला. डोक्यावर सिमेंट पडू नये म्हणून तो गोल साहेबी टोपी घालायचा. सोबतच्या गवंड्यांनी त्याला कार्तोला म्हणायला सुरुवात केली. कार्तोला म्हणजे उंच हॅट. १९२८ साली त्याने मित्रांसह मांगेराची सांबा-शाळा, म्हणजे कार्निव्हालचं सांबा-पथक, काढली, तिला हिरवा आणि गुलाबी हे रंग त्यानेच दिले. मग आजारपण आलं, बायको गेली, आणि हा माणूस वस्तीतून नाहीसा झाला. कित्येकांना तो वारला असंच वाटत होतं. १९५६ साली सर्जियो पोर्तो या पत्रकाराला तो इपानेमात सापडला, रात्री मोटारी धुताना. पोर्तोने त्याला पुन्हा गाण्याकडे आणलं. तोवर दोना झिका त्याच्या आयुष्यात आली होती. १९६४ साली त्यांनी लग्नासाठी कागद काढले तेव्हा कळलं की सगळे ज्याला आजेनोर समजत होते त्याचं नाव नोंदणीत आंजेनोर असं लागलं आहे. कारकुनाचा एक जादा अनुस्वार. कार्तोलाने तो बदलून घेतला नाही, तो तशीच सही करू लागला. पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका निघाली १९७४ साली, पासष्टाव्या वर्षी. ती गाणी ऐकताना चकित व्हायला होतं. गुलाबांशी बोलणारा, जगाला जातं म्हणणारा हा माणूस शाळेत चार यत्तांपुढे फारसा गेलेला नव्हता, आणि त्याच्या शब्दांत एकही भरतीचा शब्द सापडत नाही. सिमेंट उचलणाऱ्या हातांनी गिटारीची तार छेडली, त्याला नाव साहेबाच्या टोपीचं, आणि ते त्याच्या साथीदारांनी दिलेलं. मालकाने किंवा पाद्रीने दिलेल्या नावाहून हे नाव मला फार खरं वाटतं.

झिका आणि कार्तोला यांनी १९६३ साली रिओत एक खानावळ काढली, झिकार्तोला. झिका रांधायची, टेकडीवरचे सांबावाले येऊन गायचे, मध्यमवर्गातली मुलं ऐकायला बसायची. तिथे पाउलो सेझार बातिस्ता द फारिया नावाचा एक तरुण गिटार वाजवायला येई. सांबावाल्याला हे नाव शोभत नाही असं जाणत्यांचं मत पडलं आणि तो पाउलिन्यो दा व्हियोला झाला, तारवाद्याचा पाउलिन्यो. ब्राझीलमध्ये वाद्यावरून आडनाव मिळणं ही मोठी मिरवण्याची गोष्ट आहे. जाकोब दो बांदोलिम, नेल्सन काव्हाकिन्यो, जॅक्सन दो पांदेरो ही सगळी नावं अशीच. त्यातला जॅक्सन म्हणजे जोझे गोमेस फिल्यो, बालपणी पाहिलेल्या काउबॉयपटांतल्या नायकावरून जॅक आणि पुढे जॅक्सन झालेला. पांदेरो म्हणजे झांजा लावलेली डफली. हजारो जोझे गोमेसांमधून त्याला वेगळं काढलं ते त्याच्या बोटांनी.

कारण जोझे, जुआंव, मारिया ही नावं तिथे इतकी आहेत की नुसत्या नावाने माणूस सापडत नाही. ‘जुआंव निंगेम’, म्हणजे कुणीच नसलेला जुआंव, हा तिथला वाक्प्रचारच आहे. ईशान्येच्या दुष्काळी मुलखात सेव्हेरिनो हे असंच नाव. जुआंव काब्राल द मेलो नेतो या पेर्नांबुकोच्या कवीने त्यावर ‘मोर्ते ए व्हिदा सेव्हेरिना’ हे नाट्यकाव्य लिहिलं. त्याची सुरुवात एका ओळख करून देण्याच्या धडपडीने होते. नायक आपलं नाव सेव्हेरिनो सांगतो, पण गावात सेव्हेरिनो पुष्कळ. आईचं नाव सांगून पाहतो, तर तीही मारिया. बापाचं, गावाचं, डोंगराचं नाव सांगतो, तरी तो वेगळा होत नाही. सगळ्यांची डोकी तशीच, पोटं तशीच, मरणही तसंच. मग तो कापिबारिबे नदीच्या काठाने रेसिफेकडे चालू लागतो आणि वाटेत त्याला जागोजागी दुसऱ्या सेव्हेरिनोंची प्रेतं भेटतात. शहरात पोचल्यावर जगण्याचीच आशा सोडायच्या वेळी खाडीकाठच्या झोपडीत जोझे नावाच्या सुताराला मूल होतं. १९६५ साली साओ पाउलोच्या विद्यार्थ्यांनी हे नाटक केलं तेव्हा त्याला संगीत दिलं शिको बुआर्कीने. वय एकवीस. लष्करी राजवट सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं. पुढच्या वर्षी फ्रान्समधल्या नान्सीच्या नाट्यमहोत्सवात या नाटकाने बक्षीस मिळवलं. त्याच शिकोने त्याच सुमारास पहाटे गाडीची वाट पाहणाऱ्या पेद्रो नावाच्या गवंड्यावर गाणं केलं होतं. या गाण्यांत सामान्य नावाच्या माणसाला खास करण्यासाठी काही चमत्कार घडत नाही. कवी आणि संगीतकार त्याच्याकडे नीट पाहतात, त्याच्या मागे चालत राहतात, एवढंच. तेवढ्याने तो वेगळा होतो.

आणि मारिया. २०१० च्या जनगणनेत ब्राझीलमध्ये सुमारे १ कोटी १७ लाख मारिया निघाल्या. गायक मिल्टन नासिमेंटोची जन्मदात्री त्यांतली एक होती. रिओत घरकाम करणारी, मूल लहान असतानाच वारलेली. मिल्टनला दुसऱ्या कुटुंबाने दत्तक घेऊन मिनासमधल्या त्रेस पोंतास गावी प्रेमाने वाढवलं, पण त्याचं आडनाव आईकडचं, नासिमेंटोच राहिलं. १९७६ साली बेलो ओरिझोंचीच्या ग्रूपो कोर्पो या नृत्यसंस्थेसाठी त्याने आणि फेर्नांदो ब्रांत यांनी ‘मारिया, मारिया’ केलं. कष्टाने पिचलेल्या आणि तरी हसण्याची ताकद राखून असलेल्या बाईचं ते गाणं. मिल्टनचा आवाज त्यात नावाच्या शेवटच्या स्वरावर चढत जातो, शब्द संपून नुसता सूर उरतो, आणि ते नाव एका बाईचं न राहता प्रत्येक बाईचं होतं. मी पोर्तुगीज जाणत नव्हतो तेव्हाही हे गाणं मला समजत होतं.

आपल्याकडून तिथे गेलेलं एक नाव सांगायलाच हवं. गांधीजींच्या हत्येनंतर वर्षभराने, १८ फेब्रुवारी १९४९ रोजी, साल्व्हादोर बंदरातल्या हमालांनी कार्निव्हालसाठी एक मंडळ स्थापन केलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘फिल्योस द गांधी’, गांधींचे पुत्र. पांढरे कपडे, डोक्याला पांढरा फेटा, गळ्यात ओशाला आणि ओगुम या देवतांच्या रंगांच्या पांढऱ्या-निळ्या माळा. ताल इजेशा, कांदोंब्लेच्या मंडपातला, संथ आणि डौलदार. मधल्या काळात मंडळ विस्कटलं होतं. लष्करी राजवटीच्या काळातल्या हद्दपारीतून परतलेला गायक जिल्बेर्तो जिल त्यात सामील झाला, त्याने त्यावर गाणं केलं आणि मंडळ पुन्हा उभं राहिलं. आज कार्निव्हालमध्ये हजारो पुरुष त्या वेषात चालतात.

हे हमाल कोण होते? बहुतेक आफ्रिकी वंशाचे. त्यांच्यातल्या अनेकांच्या पणज्यांची नावं बंदरावर पुसली गेली होती, त्याच तऱ्हेच्या बंदरावर ते ओझी वाहत होते. दूरच्या देशातला एक म्हातारा गोळी लागून गेल्याची बातमी त्यांनी ऐकली आणि स्वतःला त्याचे मुलगे म्हणवून घेतलं. ज्यांना आडनाव इतरांनी दिलं, त्यांनी आपल्याला हवा तो बाप निवडला आणि त्याच्या नावाने आपले ढोल वाजवले. एका महाराष्ट्रीय माणसाला गांधी या नावाचा इतका अभिमान इतक्या लांबून वाटावा यासाठी मी त्या हमालांचा ऋणी आहे. नाव लादता येतं, हिरावताही येतं, हे ब्राझीलच्या इतिहासाने दाखवलं. पण माणसं एकत्र येऊन गाऊ लागली की ती स्वतःचं नाव स्वतः ठेवू शकतात, हेही त्याच देशाच्या संगीताने दाखवलं आहे, आणि माझा विश्वास या दुसऱ्या गोष्टीवर आहे.